गाड्या गेल्यावर रडजो

माझ्या पोराची, धरमसिंगची, एक खोड आहे. कोणाच्या दारात जायचं म्हटलं की त्याचं पोट दुखतं, आणि कोणी मोठं माणूस आपल्या दारात येणार म्हटलं की त्याची झोप उडते. तांड्याचा नायक आहे तो. आजा नायक, बाप नायक, म्हणून हा नायक. आता नायकाच्या हातात उरलंय काय? रस्ता आणि नळ ग्रामपंचायतीकडे गेले, भांडणं पोलिसांकडे गेली. उरलं ते माणसाच्या घरी जाणं. पोर जन्मो, लगीन ठरो, मयत होवो, त्या दारात पहिलं पाऊल नायकाचं पडायचं, ही आमच्या तांड्याची रीत. एवढंही याच्यानं होत नाही. लखीराम कारभारी पुढं जातो आणि सांगतो, नायक कामात आहे. काम कसलं, तर दिग्रसच्या स्टँडवर चहा.

तर यंदाच्या हिवाळ्यात तांड्यात बातमी आली की इंग्लंडच्या राजघराण्यातली बाई येणार आहे. डोळ्यांची आपरेशनं करणारी जी संस्था आहे, तिची ही बाई कोणीतरी मोठी. आमच्या तांड्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू त्यांनी काढले, ते बघायला येणार. धरमसिंगनं नवा पांढरा फेटा आणला. घराला रंग दिला, तोही फक्त रस्त्याकडच्या भिंतीला.

आदल्या दिवशी संस्थेची पोरगी आली, यवतमाळची नुजहत. ती बाईचं बोलणं आम्हाला आणि आमचं बाईला सांगणार होती. चुणचुणीत पोरगी. मी तिला विचारलं, "राणी आहे का व ती?"

"राणी नाही आजी. त्या घराण्यातल्या आहेत, नात्यानं जरा लांबच्या."

"मंग हुकूम चालते का तिचा?"

"कोणाचाच नाही चालत. त्यांना साधा हातपंपही मंजूर करता येत नाही."

"अवो मंग करते काय ते दिवसभर?"

नुजहत हसली. "जातात आजी. दवाखान्यात जातात, शाळेत जातात, म्हाताऱ्यांना भेटतात. उभ्या राहतात, विचारपूस करतात, पुढच्या गावाला जातात. वर्षभर हेच. तेच त्यांचं काम."

"बस, एवढंच?" म्हटलं मी. "याच्यासाठी माह्या पोरानं भिंत रंगवली?"

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. मी पेटीतला जुना घागरा, आमची फेटिया, आणि काचा जडवलेली कांचळी म्हणजे चोळी काढली होती, हातभर चांदी घातली होती. नायकाची आई आहे मी, चार माणसांत कमी दिसणार नाही. ढोल वाजायला लागला, बायका फेर धरून नाचायला लागल्या, मीही टाळ्या दिल्या.

गाडीतून उतरली ती साठीची, हडकुळी बाई. अंगात साधा झगा, पायात चपट्या वहाणा. उन्हानं तोंड लाल झालेलं. मला वाटलं होतं की मुकुट नाही तर निदान गळ्यात काही असेल. काही नाही. धरमसिंगनं हार घातला तो तिनं घेतला, आणि खुर्चीकडे न बघता सरळ म्हाताऱ्यांच्या रांगेपाशी गेली. एकेकापुढं वाकायची, हात हातात घ्यायची आणि विचारायची, आता काय दिसतं?

बाबुलाल म्हणाला, "सांग तिले, पह्यले काही दिसेना तं बायको सुंदर वाटे. आता खरं दिसलं."

त्याच्या बायकोनं तिथंच त्याच्या पाठीत बुक्की घातली. नुजहतनं सांगितलं तशी बाई खळखळून हसली. मलाही ती जरा आवडायला लागली.

रांग संपली तरी ती इकडेतिकडे बघतच होती. मग तिनं विचारलं, उकंडा कुठं आहेत? नुजहत मला म्हणाली, "गाडीत आम्ही त्यांना सांगितलं होतं, की पट्टी सुटल्यावर एक आजोबा कोणाचा हात न धरता बाजार करून आले. त्यांना भेटायचंच म्हणतात."

धरमसिंग पुढं झाला. हसून म्हणाला, "उकंडाबुवा? ते लेकीकडं गेले ना, केळापूरले."

माझी टाळी हवेतच राहिली. उकंडाला लेक नाही. लेकच काय, लेकरूच नाही. तो आणि त्याची तुळसा, दोघंच. हे तांड्यातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे, मग नायकाला कसं नसेल?

मी गर्दीतून निघाले आणि मागच्या घरांच्या वळीत उकंडाच्या घरी गेले. दार आतून लावलेलं. "तुळसे, मी व," म्हटलं तेव्हा उघडलं. आत उकंडा आडवा होता, तोंडावरून पांढरं पांघरूण. तुळसाबाई त्याच्या उशाशी बसली होती आणि तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता.

तो काढून म्हणाली, "पहाटंच गेले. लखीराम कारभाऱ्याच्या हाती नायकाले सांगणं धाडलं. नायकाचा निरोप आला. राणी येऊन राह्यली, आज तांड्यात रडणं नको. गाड्या गेल्यावर रडजो."

"अन् तू ऐकलं?"

"नायकाचा शब्द, नायकण. कशी मोडू?"

बाहेरचा ढोल त्या खोलीत भिंतीवर आपटत होता. मी हात हलवला तर माझी चांदी वाजली. लाजेनं मला हात कुठं लपवू असं झालं. मयत घरात असताना मी नाचणाऱ्यांना टाळ्या देत होते, आणि तो नाच माझ्याच पोरानं मांडलेला. मी तिला म्हटलं, "रड तुळसे. मी सांगून राह्यली ना, रड."

"आता येऊन नाही राह्यलं," ती म्हणाली. "गिळून टाकलं."

मी परत गेले आणि ढोलावर हात ठेवला. वाजवणारा थांबला, नाचणाऱ्या थांबल्या. धरमसिंग माझ्या कानाशी आला. "याडी, काय करून राह्यली? इज्जतीचा सवाल हाये."

"हायेच," म्हटलं मी. मग नुजहतला म्हणाले, "सांग तिले. उकंडा लेकीकडं नाही गेला. मेला. घरात आहे. आमच्या नायकानं लपवला."

नुजहतनं धरमसिंगकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सांगितलं. बाईचा चेहरा पडला. हळू आवाजात तिनं काही विचारलं.

"त्या म्हणतात, मी घरी गेले तर चालेल का? तुम्ही नको म्हणालात तर इथूनच परत जाईन."

"मयताच्या घरी जायले विचारा लागत नाही," म्हटलं मी. "चाल म्हणा."

तिनं फोटोवाल्यांना हातानंच थांबवलं. दारात वहाणा काढल्या, गळ्यातला हार काढून बाहेर ठेवला आणि आत जाऊन जमिनीवर बसली. गुडघे दुखत असावेत, बसताना भिंतीचा आधार घेतला. हात कुठं ठेवावे हे तिला कळत नव्हतं. तुळसाबाईनं तिच्याकडे बघितलं, बघत राहिली. आमच्या बायका मयतीला गळ्यात पडून रडतात. तुळसा सरकली, तिनं त्या परक्या बाईच्या गळ्यात हात टाकले आणि असा गळा काढला की ढोलापाशी उभ्या माणसांपर्यंत गेला.

बाई घाबरली. अंग ताठ केलं तिनं. मग हळूच एक हात तुळसाच्या पाठीवर ठेवला. तिला स्वतःला रडू आलं नाही, मी बघत होते. पण ती हललीही नाही. बरोबरच्या साहेबानं दारातून पुन्हा पुन्हा खाकरून पाहिलं, तिनं मान वळवली नाही. तुळसानं सोडलं तेव्हाच उठली. खांदा भिजला होता तो तसाच घेऊन गाडीत बसली.

आदल्या दिवशी मी विचारलं होतं, बस, एवढंच? ते आठवून मी मान खाली घातली. माझ्या सासऱ्यानं जन्मभर तेच केलं होतं, माणसाच्या घरी जाऊन बसणं, नवऱ्यानंही तेच केलं होतं. आणि माझं पोरगं तेवढा वेळ गाडीपाशी उभं राहून फोटोवाल्यांना आपलं नाव सांगत होतं.

गाड्या गेल्या. माणसं जमली, तिरडी बांधून झाली. तेव्हा धरमसिंग आला, फेटा नीट करत. लखीराम बाजूला झाला, कारण पहिला खांदा नायकाचा. धरमसिंग वाकला. सगळा तांडा बघत होता. मला तोंड वर करायची लाज वाटत होती, तरी मी केलं.

"मागं हो, धरमसिंग. हात नको लावू. तुह्या बापाच्या राज्यात इथं कोणी रडायले परवानगी मागतली नाही. तू एका बाईचं रडणं दाबलं, अन् मेलेल्या माणसाले पाहुणीपासून लपवलं, मंग त्याले खांदा कायले देतं? लखीराम, पह्यला खांदा तू दे. धरमसिंग, तू माहा पोरगा हायेस, माह्या घरची भाकर तुले भेटन. पण नायक म्हणून आजपासून तुले या तांड्यात कोणी हाक मारणार नाही, अन् पह्यली मीच मारणार नाही."