धक्क्यावरची नटी

थोरलीला घरात सगळे 'नटी' म्हणत, आणि हे नाव ठेवण्याचा मान धाकटीचा.

थोरलीचं म्हणणं असं, की लहानपणी आपण सिनेमात होतो. तेही कुठल्या ऐऱ्यागैऱ्या सिनेमात नव्हे, जाणकार माणसं आजही ज्याचं नाव काढलं की सावरून बसतात, त्या सिनेमात. शेवटी नायिका बोटीत चढते, नायक धक्क्यावर उभा राहतो आणि मागून उतारूंची गर्दी सरकते. गर्दीला माणसं कमी पडली म्हणून जवळपासच्या घरांतली पोरं बोलावली होती. थोरलीच्या हातात टोपली दिली आणि बजावलं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही.

"आणि मी एकदाही मान वळवली नाही," हे वाक्य ती गोष्टीच्या शेवटी न चुकता म्हणायची.

सिनेमा लागला त्या आठवड्यात वडील तिला घेऊन गेले. परत आली ती जमिनीपासून वीतभर वर. बऱ्याच दिवसांनी आई धाकटीला घेऊन गेली. बोट सुटली, रुमाल हलले, थेटरातले दिवे लागले, पण थोरलीचा कुठं मागमूस नाही. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "होती, होती," आणि मिशीतल्या मिशीत हसून पेपरात तोंड खुपसलं. अशा साक्षीदाराचा काय उपयोग?

तेव्हापासून जी नटी झाली ती झालीच. लग्नात नटी, बाळंतपणात नटी, नातवंडं झाली तरी नटी. "नटीबाई, जरा चहा टाकता का?" असं धाकटीनं म्हटलं की थोरली आधी फणकारायची आणि मग चहा टाकायची.

आता दोघी एकाच इमारतीत राहत होत्या. वर थोरली, मुलगा आणि सून. खाली धाकटी आणि तिचं शिवणयंत्र. आईच शिंपीण होती, तिचा हात धाकटीकडे आला. पँटी आखूड करणं, चेनी बदलणं, जाड झालेल्या बायकांना "तुम्ही नाही हो, कापड आटलंय" असं सांगणं, हा तिचा धंदा.

अशात टीव्हीवर जाहिरात झळकली. त्या सिनेमाच्या तीन वेगवेगळ्या प्रती शिल्लक आहेत, तिन्ही एकेका शनिवारी दुपारी दाखवणार आणि कुठं काय कापलं, कुठं काय वाढवलं हे एक चष्मेवाले गृहस्थ समजावून सांगणार.

थोरली जिना उतरून खाली आली. "दिसले तर पुन्हा नटी म्हणायचं नाही. नाही दिसले तर मी हा विषय मरेपर्यंत काढणार नाही. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली. "पण तू बघणार कशी?"

अडचण तीच होती. थोरलीच्या डोळ्यांत मधोमध धूसर डाग पडला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नेमकं पुसलेलं. चेहरे तर तिला ओळखू येतच नसत.

"तू बघ आणि मला सांग," थोरली म्हणाली.

म्हणजे चोराच्याच हातात किल्ल्या. धाकटीला हसू आवरेना.

पहिल्या शनिवारची प्रत सगळ्यांना ठाऊक होती तीच. चष्मेवाले म्हणाले, ही नंतर छाटलेली, सर्वत्र फिरली ती हीच. बोट सुटली, रुमाल हलले.

"दिसले?"

"एक कुत्रं दिसलं," धाकटी म्हणाली. "तू नव्हेस ना?"

थोरली दोन दिवस खाली आली नाही.

दुसरी प्रत परदेशात विकलेली, तिथल्या भाषेत बोलणारी. हीत शेवट जरा लांबवला होता. नायक बोटीकडे बघत असताना पडद्याच्या अगदी कडेनं एक टोपली आली, तिच्यामागे एक कोपर आणि फ्रॉकचा तुकडा. क्षणभर आला आणि गेला. पण त्या तुकड्यावर खिसा होता, आणि तो डावीकडे होता.

धाकटीच्या हातातली सुई थांबली. आई डावखुरी होती, तिला खिसा डावीकडेच सुचायचा. दोघी बहिणी उजव्या हाताच्या, त्यामुळे रुमाल काढताना आयुष्यभर वेड्यावाकड्या झालेल्या. असा खिसा दुसऱ्या कोणाच्या पोरीला असणं शक्य नव्हतं.

"कडेला काहीतरी हललं ना गं?" थोरलीनं विचारलं. कडेचं तिला दिसायचं.

"कोणाचं तरी कोपर," धाकटी म्हणाली. "कोपर काय, सगळ्यांनाच असतं."

खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. धाकटीनं मनाशी म्हटलं, अजून एक शनिवार आहे, इतक्यात हत्यारं कशाला टाकायची?

त्या आठवड्यात तिनं एका गिऱ्हाइकाची पँट चक्क उलटी शिवली. आणि थोरली एका दुपारी येऊन यंत्राशेजारी बसली. मग म्हणाली, "मला वाटतं, तुझंच बरोबर असेल. मी इतक्यांदा सांगितलं, की मलाच ते पाहिल्यासारखं वाटत असेल. बाबाही आता विचारायला नाहीत."

इथं खरं तर धाकटीनं तोंड उघडायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची थट्टा अशी एका दुपारी सोडवत नाही. तिनं नुसतंच विचारलं, "चहा टाकू?" चहा धाकटीनं टाकायचा हे इतकं नवं होतं, की थोरलीनं घाबरून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिसऱ्या शनिवारी सूनबाई घरी होती, रिमोट तिच्या ताब्यात. चष्मेवाले भलतेच खुशीत होते. ही सर्वांत जुनी प्रत, एका फिरत्या तंबू थेटरवाल्याच्या पेटीत सापडलेली. पहिल्या आठवड्यात हीच दाखवली, मग दिग्दर्शकाला शेवट आवडला नाही म्हणून परत मागवली. का आवडला नाही ते तुम्हीच बघा, असं म्हणून ते हसले.

धाकटी पुढं सरकून बसली.

नायिका चढली. नायकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून गर्दी सरकू लागली, आणि गर्दीतून टोपलीवाली एक मुलगी आली. डावीकडे खिसा, दोन वेण्या. चार पावलं शहाण्यासारखी चालली. मग मान वळवून तिनं थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. टोपली खाली ठेवली, एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट रोखलेलं, आणि अख्ख्या पडद्यावर दरडावून काहीतरी म्हणाली. पुढ्यात नायकाचं काळीज फाटत होतं आणि मागे ही!

सूनबाईनं चित्र थांबवलं. "अगंबाई, ही कुणावर ओरडतेय?"

धाकटीला ते बोट पाठ होतं. शाळेच्या वाटेवर, विहिरीच्या काठाशी, जिन्याच्या कठड्यापाशी ते बोट तिच्यावर रोखलेलं होतं, आणि त्याच्याबरोबर नेहमी एकच हुकूम यायचा. पडद्यावरच्या ओठांवरही तोच होता. खाली बस.

"सांग ना," थोरली म्हणाली. तिची नजर टीव्हीच्या शेजारच्या भिंतीवर होती. "दिसले का?"

"दिसलीस."

"खरंच?"

"मागच्या शनिवारीही दिसली होतीस. खिसा होता. मी बोलले नाही."

थोरलीनं ते ऐकून घेतलं. रागवायचं की नाही, ते ती पुढं कधीतरी ठरवणार होती. "मग? सरळ पुढं बघत होते ना?"

"नाही," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे बघत होतीस."

थोरली जराशी ओशाळली. चोरी पकडल्यासारखी पदराशी चाळा करत म्हणाली, "आईनं सांगितलं होतं, तुला शेजाऱ्यांकडे ठेवून जा. तू ऐकेनास. म्हणून तुला कॅमेऱ्यामागच्या लाकडी खोक्यावर बसवलं. तर तू उठून पाण्याकडे निघालीस. बाबांना थेटरात सगळं कळलं, पण आईला सांगितलं नाही त्यांनी."

"आणि मला? इतकी वर्षं मी तुला नटी नटी म्हणतेय!"

"तुला काय सांगायचं? रडत बसली असतीस." थोरलीनं हात पुढं केला, अंदाजानं, आणि तो धाकटीच्या ओल्या गालाला लागला. "बघ, म्हटलं नव्हतं?"

धाकटीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि उठली. आत जाऊन गॅस पेटवला. पैज ती हरली होती, आता ते नाव तोंडातून काढायचं नव्हतं.

"ताई," तिनं आतून विचारलं, "साखर किती घालू?"

थोरलीला ताई कोण ते कळायला जरा वेळच लागला.