उशीला ऊन

गुरुवारी सकाळी तुगिनेमची मान अशी धरली की डावीकडे बघायचं तर अख्खं अंगच वळवावं लागे. डावीकडे सासू बसायची, त्यामुळे पहिला तासभर तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मग समोर बांबूच्या चौकटीवर टाकलेलं कापड दिसलं. लेकीच्या लग्नाचं, मेणाने नक्षी काढून रंगवायचं बाटिक. वीतभर कोपरा राहिलेला आणि लग्न अकरा दिवसांवर. तिच्याने झालं नाही तर तो कोपरा सासूची भाची पारिंतेन भरणार, आणि पारिंतेनचे मेणाचे ठिपके म्हणजे कोंबडीची शीट.

"उशी चुकली," सासूने निकाल दिला. सोलो शहराकडच्या त्या गावात मान धरली की दोष उशीचा आणि औषधही उशीलाच. तिला उन्हात घालायचं.

"आणि सिम्बोक, मी काय करू?" सासूला आई म्हणून हाक मारत तुगिनेमने विचारलं.

"तू मेण लाव, न्दुक. पोरी, ऊन उशीला हवंय, तुला नाही."

उशी कुंपणावर चढली. सासूनेच लग्नात दिलेली, स्वतःच्या हाताने भरलेली, विटेसारखी टणक. अभ्रा काढल्यावर बावीस वर्षांच्या लाळेचे पिवळे नकाशे उघडे पडले, वर खोबरेलाचा चिकट थर. माश्या बसल्या.

"एवढं गळतं होय गं तुझ्या तोंडातून?" शेजारणीने रस्त्यावरूनच विचारलं. तुगिनेमला मान खाली घालायचीही सोय नव्हती.

तीन दिवस उशी तापली, आणि तुगिनेम नेसायच्या सारोंगच्या घडीवर झोपली. चौथ्या दिवशी मान मोकळी. सासूने गावभर ऊन मिरवलं. रात्री उशी परत आली, सकाळी मान पुन्हा धरली.

"ऊन कमी पडलं," सासू म्हणाली.

तुगिनेमने बोटांवर रात्री मोजल्या. उशीच्या रात्री कळ, घडीच्या रात्री आराम. ती तडक आरोग्य केंद्रात गेली.

"दिवसभर कापडावर मान खाली, रात्री त्या धोंड्यावर परत पुढेच," नर्स म्हणाली. "तिने सरळ व्हायचं कधी? उशी पातळ करा. कापड उंच टांगा. मधूनमधून उठा, गरम फडक्याने शेका, मान हळूहळू फिरवा. कुणाकडून कडकन मोडून घेऊ नका. हाताला मुंग्या आल्या तर मात्र लगेच इकडे या."

चौकटीखाली दोन विटा आल्या. उशी फेकली असती तर घरात युद्ध झालं असतं, म्हणून सासू बाजारात गेल्यावर तुगिनेमने शिवण उसवली. सावरीचा करडा कापूस निघाला. मग झुरळांची अंडी. मग मुठीएवढे केसांचे गुंते, एक, दोन, सात. तेलकट, आंबूस, आत वाळलेल्या लिखा. यावरच गाल टेकून ती बावीस वर्षं झोपली होती. तिला अंगणातच उलटी झाली.

"अगं, फेकू नकोस!" पिशवी टाकून सासू धावली. "माझेच गळलेले केस आहेत ते. गंगावनासाठी जमवलेले. कापूस कमी पडला, म्हटलं तुझ्या उशीत राहतील नीट." तिने एक गुंता नाकाशी नेला. "शी! तुझ्या तेलाचा केवढा वास लागलाय!"

कोपरा नवव्या दिवशी भरला. लग्नात तुगिनेमची मान दोन्हीकडे छान वळत होती. डावीकडे सासू बसली होती, डोक्यावर गरगरीत, चकचकीत खोपा. तुगिनेम दिवसभर उजवीकडेच बघत राहिली.