रजिस्ट्रीतला शून्य

संशय हा माझा धंदाच आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने माणसांवर विश्वास ठेवला की संपलं. 'मी काहीच केलं नाही' हे वाक्य मी रोज दहादा ऐकतो.

वरूडला गजेंद्रभाऊंच्या संत्रा पॅकिंगच्या ऑफिसात गेलो, तर ते तापलेलेच होते. "शालिकराम, आपले भाव मेलनं जाते अन् त्याच दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्याले समजते. मेल पाठवते ललिताबाई. मले आज सोक्षमोक्ष पायजे, नाही तं बाईनं उद्यापासून येऊ नये."

ललिताबाई शेजारीच उभ्या होत्या. नऊ वर्षांची नोकरी. रडणं नाही, गयावया नाही. मला तेच खटकलं. कुठंतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं.

मेल उघडला. एरवी पासवर्डनंतर फोनवर होकार द्यावा लागतो; इथे तो न मागताच उघडला. पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन; अर्ध्या वरूडला पाठ असेल. मग विंडोजची रजिस्ट्री उघडली. सगळ्या सेटिंग तिथे नोंदलेल्या असतात. मेलच्या ओळख-तपासणीसमोर एकच्या जागी शून्य होता. म्हणजे फोनचा पहारा कुणीतरी हातानं काढला होता; पासवर्ड ठाऊक असलेला कुणीही मेल वाचू शकत होता.

"पाहा!" गजेंद्रभाऊ ओरडले. मीही ललिताबाईंकडे चांगलं रोखून पाहिलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "कवा केलं, ते दिसते काय त्याच्यात?"

दिसतं. ती नोंद फाइलमध्ये काढली की शेवटच्या बदलाची तारीख येते. आली. मागचा दसरा, सकाळी अकरा वीस.

"दसऱ्याले मी नागपूरले दीक्षाभूमीवर होती. दरसाल जाते. भाऊले मालूम आहे."

भाऊ जरा गडबडले. "मंग इथं कोन होतं? पूजेले मी होतो, अन्..."

अन् मी. त्या दिवशी कॉम्प्युटरला झेंडूचा हार होता. नवं मेल खातं बसत नव्हतं, फोनचा होकार अडकत होता आणि मला जेवायला घरी पोचायचं होतं. एकाचा शून्य केला, पेढा खाल्ला, निघालो. नंतर पार विसरलो.

व्हायरस म्हणालो असतो तर खपलं असतं. पण ललिताबाईंनी पर्स उचलली होती आणि मला माझीच लाज वाटली.

"मीच केलं, भाऊ."

त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. मग वळून म्हणाले, "बसा ललिताबाई, झालं गेलं."

त्या बसल्या नाहीत.

"हे तं परके, भाऊ. तुमी नऊ वर्सं मले पाहून राहिले. तुमालेबी तारीखच लागली?"