आजोबांचं ग्रहणयंत्र
माझा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला आहे. आईने ग्रहणात पडवळ चिरलं म्हणून, असं आजीचं म्हणणं. पडवळाने ओठ फाटत असते, तर अख्ख्या कल्याणात एक धड तोंड उरलं नसतं!

पण घरात आजीचंच चालायचं. मी पोटात असताना श्रावणात एका संध्याकाळी चंद्रग्रहण होतं. आभाळ इतकं भरलेलं, की दिसलं कुणालाच नाही. आजोबा, म्हणजे गोपीनाथ जोशी, यांनी काशीच्या पंचांगावरून वेळ सांगितली होती. पुढे मी जन्मले, माझं तोंड बघून आजीने आईला माझ्यासकट ठाण्याला माहेरी धाडलं. बाबा गप्प बसले. आजोबाही.

आजोबांच्या मनातून मात्र ती संध्याकाळ जाईना. काशीतलं ग्रहण कल्याणात दिसायचं होतं का? ते ताडून पाहायला त्यांनी फणसाच्या लाकडाच्या तबकड्या केल्या, एकीवर एक फिरणाऱ्या. त्यांवर सूर्य, चंद्र आणि राहूचे पितळी काटे बसवले, खाली कल्याणचं क्षितिज आखलं. म्हातारा सोऱ्याच्या चकत्या करतोय, म्हणून लोक हसले. मग यंत्राने सांगितलेली ग्रहणं वेळेवर लागू लागली, तेव्हा हसणारे गप्प झाले. आजोबांनी काटे उलटे फिरवत त्या श्रावणापर्यंत नेले.

दुसऱ्या दिवशी ते आगगाडीने ठाण्याला आले. यंत्र पंच्यात गुंडाळून पोटाशी धरलेलं. आमच्या नौपाड्यातल्या ओसरीवर बसून त्यांनी काटे लावले.

"सुमती, हे बघ. आपल्याकडे चंद्र उगवला तेव्हा ग्रहण सुटलेलं होतं. काशीत दिसलं असेल. इथे नाहीच, मग पाळायचं कसलं? तुझा काही दोष नाही, मुली. घरी चल."

आई सासऱ्यांसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मामंजी, काटा जरा इकडे थांबला असता, तर तुम्ही आला नसतात?"

आजोबांनी काट्यावरचा हात काढून घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

"नसतो आलो," ते म्हणाले.

आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "आम्ही इथेच बऱ्या आहोत," ती म्हणाली.

आजोबा पाणी प्यायले, यंत्र पुन्हा पंच्यात गुंडाळलं आणि स्टेशनाकडे चालू लागले. मला त्यांची फार दया आली. पण मी आईचा पदर सोडला नाही.