वंशावळीच्या पानावरचं स्तोत्र

नाकावर बसून आयुष्य गेलं, तेव्हा आवाज थोडा नाकात आला तर सांभाळून घ्या. मी एक चष्मा. जाड काचांचा, तपकिरी काड्यांचा, स्क्रू ढिला झाला की डावीकडे कलणारा.

दुकानात आम्ही रांगेने टांगलेले असायचो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आम्हाला डोळ्यांवर चढवून आरशात स्वतःलाच न्याहाळायचं. एक दिवस एक गृहस्थ आले. त्यांनी आरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला लावलं, काउंटरवरचा जाहिरातीचा कागद उचलला आणि दुकानदाराला म्हणाले, "तिसऱ्या ओळीत पूर्णविराम राहिलाय. हा चष्मा द्या."

ते माझे मालक. छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पुढे निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. कुणाची लग्नपत्रिका आली की आधी त्यातल्या चुका बघायचे, मग नवरानवरी. चर्चमध्ये दर रविवारी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, त्यांच्याकडे. खणखणीत आवाज, आणि एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मीही त्यांच्या नाकावर ताठ बसायचो. वाचन आम्ही दोघं मिळून करतो, असा माझा समज होता.

घरी रोज संध्याकाळी जेवणाआधी कौटुंबिक उपासना. मालक शास्त्र वाचायचे, मग मला काढून उघड्या पानावर ठेवायचे आणि सगळे डोळे मिटून पाळीपाळीने प्रार्थना करायचे. डोळे उघडे फक्त माझे. त्यामुळे या घरची एक गंमत सगळ्यांत आधी मला कळली.

या घरात कुणी कुणाशी भांडत नसे. जे काही असेल ते देवाच्या कानावर घालायचे, शेजारच्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

"हे प्रभू," मालकीणबाई म्हणायच्या, "ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्यांना सद्बुद्धी दे."

लगेच मुलाची पाळी. "प्रभू, आईला धीर दे. टॉवेल एकदाच टाकला होता, हे तू पाहिलंच आहेस."

मग मुलगी. "आणि प्रभू, माझा कंगवा ज्याने नेलाय त्याच्या मनाला टोचणी लाव."

आमेन झालं की सगळे हसतमुखाने ताटावर. इतकं कामात असलेलं देवाचं कार्यालय मी दुसरं पाहिलेलं नाही.

अशा घरात नवी सून आली. गप्प स्वभावाची. तिच्या माहेरी प्रार्थना मनात करायचे. इथे तिची पाळी आली की सगळे कान टवकारायचे, आणि थोड्या वेळाने ऐकू यायचं, "आमेन." बस्स. मालकीणबाईंना घोर लागला. पोरगी नाराज आहे की श्रद्धेत कमी आहे? मग रोजच्या विनंत्यांत एक भर पडली. "प्रभू, नव्या सुनेची वाचा मोकळी कर." सून डोळे मिटून ओठ दाबून हसायची. मी बघायचो ना.

त्याच सुमारास मालकांच्या डोळ्यांपुढे धुकं जमायला लागलं. आधी त्यांनी मला दोष दिला. सदऱ्याला पुसलं, धोतराच्या फडक्याने पुसलं, वाफ देऊन पुसलं. शेवटी दुकानदाराकडे नेलं. तो म्हणाला, "काचा उत्तम आहेत. डोळे दाखवा डॉक्टरांना, मोतीबिंदू वाटतोय." घरी येऊन मालकांनी सांगितलं, "काचा खराब झाल्यात म्हणाला." मला बोलता येत असतं तर त्याच वेळी नाकावरून उडी मारली असती.

ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, त्यांनी आपल्याला दिसत नाही हे कसं सांगायचं? त्यांनी युक्ती काढली. रोज पाठ असलेली स्तोत्रं म्हणायची, बोट मात्र ओळीवरून फिरवायचं. चर्चमधले अध्यायही सुदैवाने पाठातलेच निघत होते. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे मेंढपाळाचं स्तोत्र तर आठवड्यातून तीनदा. मालकीणबाईंनी प्रभूला विनवलं, "शास्त्रात इतरही अध्याय आहेत, याची काहींना आठवण दे." मालकांनी ती विनंती ऐकून न ऐकल्यासारखी केली. प्रभूने ऐकली असावी, कारण रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना चर्चच्या दारातच गाठलं.

"पुढच्या रविवारचा अध्याय जरा अवघड आहे. नावंच नावं. म्हटलं, तुमच्याशिवाय कोण वाचणार!"

"हो, हो. वाचतो की," मालक म्हणाले. माझ्या काड्यांना त्यांच्या कानशिलांचा घाम लागला. नावांचा अध्याय त्यांना पाठ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलीने पुस्तकांची धूळ झटकली आणि शास्त्रातली खुणेची फीत भलत्याच पानात घातली. संध्याकाळी मालकांनी फितीवरून पान उघडलं. सून त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसली होती. मालकांनी मेंढपाळाचं स्तोत्र सुरू केलं, अगदी गहिवरून. बोट फिरत होतं वंशावळीवरून. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा फलाणा. माझ्या काचांतून मला सगळं लख्ख दिसत होतं आणि माझी मान शरमेने डावीकडे कलली.

सुनेने पानाकडे पाहिलं. मग मालकांकडे. मग पुन्हा पानाकडे.

वाचन संपलं, मला पानावर ठेवलं, डोळे मिटले. टॉवेल, कंगवा, बाजारातून येताना विसरलेली साखर, सगळं देवापुढे मांडून झालं. सुनेची पाळी आली. मी मनात म्हटलं, संपलं. या घरात अशी बातमी जायची वाट एकच, आणि आज नेमकी हिची वाचा मोकळी होणार.

मग तिने हळूच मला उचललं, पानं उलटली, स्तोत्र काढलं, फीत तिथे ठेवली आणि मला पुन्हा वर बसवलं.

"आमेन."

मालकीणबाईंनी सुस्कारा टाकला. पण छापखान्यातल्या माणसाला कागदाची सळसळ कळते. मालकांच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या, ते फक्त मी पाहिलं.

सकाळी सून स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. मालक पाणी प्यायच्या निमित्ताने आले.

"काल पानं कशाला उलटलीस?"

"वंशावळीचं पान होतं, बाबा. तुम्ही स्तोत्र म्हणत होतात."

मालकांनी मला काढून पुसायला घेतलं. "काचांना ओरखडे पडलेत."

"चष्मा चांगला आहे," ती म्हणाली. त्या घरात माझी बाजू घेणारं पहिलं माणूस!

"मग प्रार्थनेत सांगायचंस. या घरची रीत तीच आहे."

"देवाला ठाऊक होतंच की. सांगायचं तुम्हाला होतं."

मालक स्टुलावर बसले. म्हणाले, "डोळ्याजवळ सुरी आणतात गं. भीती वाटते. आणि रविवारची तर त्याहून जास्त."

"डॉक्टरांकडे मी येते बरोबर."

"आणि रविवार?"

ती भाजी चिरायला लागली.

"तू वाच," मालक म्हणाले.

"मी? मंडळीपुढे? बाबा, मला घरात चौघांपुढे आमेनच्या पुढे जाता येत नाही!"

"वा! मी डोळ्याला सुरी लावून घ्यायची आणि तुला नुसतं तोंड उघडायला जड? हा कुठला न्याय?"

ती मोठ्याने हसली. इतकं मोठ्याने, की बाहेरून मालकीणबाईंनी विचारलं, "कोण आलंय?"

मग रोज सकाळी आतल्या खोलीत दार लावून तालीम चालली. ती एकेक नाव वाचायची, अडायची. मालक डोळे मिटून ऐकायचे आणि ते नाव पुन्हा म्हणून दाखवायचे. मी बिनकामाचा टेबलावर. पण त्यांना कुणाकडून तरी ऐकून घेताना मी प्रथमच पाहत होतो.

त्या बंद दाराची बातमी देवापर्यंत पोचायचीच होती. "प्रभू," मालकीणबाईंनी संध्याकाळी सुरुवात केली, "रोज सकाळी या घरात दार लावून काय चालतं ते तू जाणतोस. मलाही कळू दे."

"अगं, डोळे उघड," मालक मध्येच म्हणाले. "मला दिसेनासं झालंय. सूनबाई रविवारी माझ्याऐवजी वाचणार आहे."

सगळ्यांचे डोळे उघडले. प्रार्थनेच्या मध्येच, आमेनशिवाय.

"कधीपासून?" मालकीणबाईंचा आवाज बारीक झाला. "आणि मी रोज तुमच्या स्तोत्रावरून टोमणे मारत बसले!"

"ते मला ऐकू येत होते. कान शाबूत आहेत."

रविवारी सून उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. पहिल्या बाकावरून मालक हलकेच खाकरले आणि पहिलं नाव कुजबुजले. तिने ते उचललं. पुढची नावं ती एकटीने वाचत गेली, मध्ये एक चुकलं, मागे येऊन सुधारलं. मालक पुन्हा खाकरले नाहीत. त्यांच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर मालकांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्ही मुद्रितं तपासत होतात तेव्हा."

आता त्यांना वाचण्यापुरता एक सडपातळ चष्मा लागतो. माझा नंबर त्यांच्या डोळ्यांचा राहिला नाही. दवाखान्यातून निघताना त्यांनी मला एकदा सदऱ्याला पुसलं, तेही गरज नसताना, आणि जुन्या चष्म्यांच्या पेटीत टाकायला सुनेच्या हातात दिलं.

सध्या मी डोळ्यांच्या दवाखान्यात, दारापाशी ठेवलेल्या त्या पेटीत असतो. ज्यांना परवडत नाही, त्यांना आमच्यातून नंबर जुळवून देतात. कुठलंही नाक चालेल मला, बसकं असो की धारदार. पण तुमच्या घरात कुणी भलतंच पान उघडून पाठ केलेलं म्हणत असेल, तर देवाकडे तक्रार करण्याआधी जरा शेजारी जाऊन बसा. आणि कपाटात एखादा जुना चष्मा पडला असेल, तर तेवढा आणून टाका. इथे बोलायला कुणी नाही. शेजारी एक गॉगल आहे, पण तो फार शिष्ट आहे.