अर्धवट पुसलेली मनोरमाबाई

मी एक जुनी रबरी बाई आहे. हसू नका, मित्रांनो! भाईंदरच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना सरावासाठी पेशंट हवा होता, म्हणून मला घडवलं. मुंबईतल्या एका कारखान्यात माझ्या अंगात कापूस ठासला, वर रबराची कातडी चढवली, डोक्याला काळ्या केसांचा टोप शिवला आणि नव्वद साली टेम्पोत आडवी घालून मला इकडे पाठवलं. मुलींनी माझं नाव ठेवलं मनोरमाबाई.

तेव्हापासून मी आजारीच आहे. आज टायफॉईड, उद्या लकवा, परवा मोडलेला पाय. इंजेक्शनं टोचून टोचून माझ्या दंडाची चाळण झाली. पण लाड काय कमी झाले? पावडर, वेणीफणी, इस्त्रीची चादर! मुली म्हणायच्या, "मनोरमाबाईंसारखा पेशंट नाही, कधी कुरकुर म्हणून नाही." मी आपली फुगून जायचे.

माझी लाडकी होती ग्रेसी, उत्तनच्या कोळ्याची लेक. हात हलका आणि मन लोण्याचं. तेच तिला नडलं. कुणी ओरडलं की ही धावलीच. तोंडी परीक्षेत तिला विचारलं, "चार पेशंट एकदम बोलावतायत, आधी कोणाकडे जाशील?" ही म्हणाली, "जो जास्त ओरडतोय त्याच्याकडे." झालं, नापास! आता ही शेवटची खेप होती. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, या वेळी नाही जमलं तर परत ये आणि मासळी सुकवायला लाग. ग्रेसीला मात्र नर्सच व्हायचं होतं. माझ्या उशाशी बसून ती रडायची, "बाय, सांग ना, आधी कोणाकडे जायचं ते कळतं कसं?" मला बोलता आलं असतं तरी काय सांगणार होते, कपाळ!

परीक्षा खऱ्या वॉर्डात झाली. ग्रेसीच्या वाट्याला आलं खाटेवरच्या पेशंटचं अंग पुसणं. पेशंट कोण? मीच! खाट रिकामी होती ती नेमकी पुरुषांच्या वॉर्डात. शेजारी घोडबंदरचे काशीनाथ होते, आदल्याच दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेले. माणूस भारी बडबड्या. मला पाहिलं मात्र, लगेच म्हणाले, "काय वहिनी, तुमचंपण पोट कापलं का?" सगळा वॉर्ड हसला. ग्रेसीने माझ्याभोवती पडदा ओढला, तरी त्यांचं पलीकडून चालूच.

परीक्षा घेणाऱ्या मृणालिनी मॅडम माझ्या पायाशी उभ्या होत्या. ग्रेसीने माझं तोंड पुसलं, उजवा हात पुसला, डाव्या हाताला साबण लावला. समोरच्या खाटेवरचे शेठ ओरडले, "सिस्टर, चाय ठंडी हो गयी, दूसरी लाओ!" मला वाटलं, गेली आता ही. पण ती हलली नाही. माझ्या कोपरावर हात ठेवून ती पडद्यापलीकडचं ऐकत होती. काशीनाथांची बडबड बंद पडली होती.

"काशीनाथकाका, बरं वाटतंय ना?"

"काय नाय गं... पानी दे जरा."

ग्रेसीने हात पुसले. "बाय, तू थांब जरा," एवढंच मला म्हणाली आणि पडदा सारून गेली. अहो, परीक्षा चालू होती! माझ्या हाताला साबण तसाच! असा राग आला म्हणून सांगू! वाटलं, ही आता मासळीच सुकवणार.

मग तिचा आवाज आला. "हात गार पडलेत, घाम सुटलाय, नाडी भराभर पळतेय. खालची चादर रक्ताने भिजलीय. मॅडम, डॉक्टरांना बोलवा, मी यांना सोडून येणार नाही." मॅडम स्वतः पळाल्या. ग्रेसीने जखमेवर कापडाची घडी दाबून धरली आणि परत ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं, म्हणून पाणी मात्र दिलं नाही. डॉक्टरांनी काशीनाथांना परत ऑपरेशनला नेलं. ते वाचले.

मॅडमनी मग तिला विचारलं, "शेठ ओरडत होते तेव्हा गेली नाहीस. मग काशीनाथांकडे का गेलीस?"

ग्रेसी म्हणाली, "मॅडम, आमचे पपा होडीवरनं आले की घर डोक्यावर घेतात. पण गप बसले आणि 'काय न्हाय' म्हणाले, की मम्मी हातातली मासळी टाकून धावते."

"अगं पोरी, मग हे तुला येतच होतं की!" मॅडम म्हणाल्या आणि तिला पास केलं.

माझा हात पुसायचा मात्र राहूनच गेला. साबण सुकला, त्याचा पांढरा डाग पडला. पुढे नवी प्लॅस्टिकची बाई आली आणि मला अडगळीच्या खोलीत टाकलं. माझ्या शिवणी उसवल्या, कापूस बाहेर आला. वाईट वाटतं हो! पण ग्रेसी आता इथेच मुलींना शिकवते. नव्या मुली आल्या की ती मला बाहेर काढते, डाग दाखवते आणि सांगते, "ही बाई पुसायची राहिली, म्हणून एक माणूस आपल्या घरी गेला." तेव्हा मी अशी काही फुगते म्हणता!

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या घरातलं बडबडं माणूस कधी गप्प झालं, तर हातातलं काम तसंच टाका आणि त्याच्याजवळ जा. "काही नाही" म्हणालं तरी त्याचा हात हातात घेऊन बघा. माझ्या शिवणींना टाके घाला सवडीने. मी थांबते.