अडीच हजार रेइशचा कोपरा

नाणी-नोटा संग्राहक संघाच्या प्रदर्शनात दरवर्षी दाराजवळच एक तक्ता लागे. मथळा ठळक: 'फसू नका'. त्यावर पाच खोट्या नोटा आणि पाच चिठ्ठ्या. चौथी चिठ्ठी अशी: 'पोर्तुगाल, अडीच हजार रेइश, १९०९. बनावट. आणणारे: घड्याळजी.'

घड्याळजी म्हणजे थोरलीचे, त्यांच्या मोठ्या मुलीचे, बाबा. अठरा वर्षांपूर्वी ती नोट त्यांनी मोठ्या हौसेने संघात नेली होती. पोर्तुगालचा राजा गेला, प्रजासत्ताक आलं, पण नव्या नोटा तयार नव्हत्या. मग जुन्याच नोटांवर 'रिपब्लिका' असा शिक्का मारून वेळ भागवली गेली. तसली ती नोट. "सरकार बदललं, पाकीट तेच," असं बाबा कौतुकाने सांगत.

संघाचे तज्ज्ञ, ज्यांना सगळे पारखी म्हणत, त्यांनी ती नोट अतिनील दिव्याखाली धरली आणि ती निळसर पांढरी झळकली. जुना कागद त्या दिव्याखाली मंद दिसतो. झळकतो तो अलीकडचा, शुभ्रतेचं रसायन घातलेला. "घड्याळजी, तुमची आजीबाई कालच जन्मली की हो!" पारखी म्हणाले आणि सभेत हशा पिकला. नोट तिथेच टाकून बाबा घरी आले. आल्बम कपाटावर गेला. संघाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. कुणी नोटांचा विषय काढला तर चष्मा पुसत बसत. पुसून पुसून काच झिजेल इतका वेळ.

यंदा रंगकामासाठी कपाट हलवलं तेव्हा आल्बम खाली आला. थोरली धूळ झटकत होती, तर पोर्तुगालच्या पानामागून एक पारदर्शक पुडी पडली. आत अंगठ्याच्या नखाएवढा कागदाचा कोपरा, आणि बाबांच्या मुंगीसारख्या अक्षरात: 'अडीच हजार. चिकटवायचा आहे.'

"बाबा, हा त्याच नोटेचा?"

"हो. घेतली तेव्हाच सुटा होता. नोट संघात गेली, हा घरी राहिला. फेकून दे."

फेकून देणं थोरलीच्या स्वभावात नव्हतं. कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात ती तपासनीस होती आणि तिच्या टेबलावर तसलाच दिवा होता. दुसऱ्या दिवशी तिने कोपरा त्याखाली ठेवला. कोपरा झळकला नाही. मातकट, मंद, जसा शंभर वर्षांचा कागद असावा तसाच. एकाच नोटेचा एक तुकडा म्हातारा आणि दुसरा तान्हा? तिने दिवा तपासला, हातमोजे बदलले, पुन्हा पाहिलं. तेच.

संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, नेण्याआधी नोटेला काही केलं होतंत?"

"मी? चिमट्याशिवाय हात लावला नाही."

आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी धुतली होती."

"काय?" दोघं एकदम.

"धुतली. केवढी कळकट झाली होती! चार लोकांत नेणार, म्हटलं बरी दिसू दे. कोमट पाणी, चिमूटभर पावडर. चोळली नाही हो, नुसती बुचकळून ठेवली. मग टिपून वहीत दाबली."

"अगं, अठरा वर्षांत एकदाही बोलली नाहीस!"

"तुम्ही तरी काय बोललात? आलात आणि म्हणालात, नोट खोटी निघाली. मी मनात म्हटलं, खोटी तर खोटी, स्वच्छ होती ना."

"कुठली पावडर, आई?"

"तुझ्याच कारखान्याची की! नवीन नोकरीला लागलीस तेव्हा पिशवीभर आणली नव्हतीस का?"

त्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून टाकलेलं रसायन नेमकं त्याच दिव्याखाली झळकतं. गेली अठरा वर्षं थोरली रोज तेच मोजत होती.

रविवारी सकाळी तिघंही प्रदर्शनाला गेली. बाबा दारातच अडले. "कोपरा बसला नाही तर? पुन्हा शोभा."

"शोभा होऊन गेलीय," आई म्हणाली. "आता निस्तरायला आलोय. चला."

पारखी तक्त्यापाशीच उभे होते. केस पांढरे झालेले, दिवा मात्र तोच.

"काका, चौथा नमुना बाहेर काढता का?" थोरलीने विचारलं.

"खोट्यात काय बघणार, ताई?"

"खोटं कसं ओळखायचं, तेच."

माणसं जमली. काच उघडली. नोट टेबलावर आली. तिची फाटकी कड अठरा वर्षं तक्त्यावर नोट धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली दडलेली होती. थोरलीने पुडी उघडली, बाबांचा चिमटा घेतला, पण कोपरा उचलायच्या आधीच ती थांबली. कड कुणी कातरली असेल तर? बाबांना सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा मान खाली घालावी लागेल, आणि तीही तिच्यामुळे.

"दे इकडे," बाबा म्हणाले. "हे तुझं काम नाही."

मनगटी घड्याळात चाक बसवावं तसा त्यांनी कोपरा उचलला, टेकवला, केसभर सरकवला. बसला. नक्षीतलं एक पान दोन तुकड्यांत होतं. त्याची शीर आता अखंड झाली.

थोरलीने दिवा लावला. नोट झळकली; कोपरा अंधारात राहिला.

"कोपरा खरा आणि नोट खोटी, असं कशावरून नाही?" पारखींनी विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि तिला तो हवाच होता.

"भिंगातून फाटलेली कड बघा. नक्षीची नक्कल होते, काका. कागदाचे तुटलेले तंतू एकमेकांत बसतील अशी नक्कल कोण करणार?"

पारखी भिंगावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. "मग झळकते कशाने?"

"मी धुतली," आई म्हणाली. "पावडरीने."

हशा पिकला. तोच हॉल, बरीचशी तीच माणसं. पण या खेपेला बाबाही हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पारखींनी दिवा बंद केला. नोट चिमट्याने उचलून ते खिडकीशी गेले आणि उजेडासमोर धरून त्यांनी तिचं जलचिन्ह पाहिलं. मग मागची बाजू. मग शिक्का. "हे मी तेव्हा बघितलंच नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दिवा लागला आणि मी डोळे मिटले. घड्याळजी, नोट अस्सल आहे. चूक माझी."

त्यांनी चिठ्ठी काढून फाडली आणि स्वतःच्या हाताने नवी लिहिली: 'पोर्तुगाल, अडीच हजार रेइश, १९०९. अस्सल. धुतलेली.'

"'आणणारे' राहिलं," बाबा म्हणाले.

"सांगा, काय लिहू?"

"'घड्याळजी आणि कुटुंब.'"

नोट मधल्या काचेच्या पेटीत, सगळ्यांत वर लागली. 'फसू नका' तक्त्यावरच्या रिकाम्या चौकटीत पारखींनी आपला दिवा टांगला आणि खाली लिहिलं: 'याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबू नका. फसलेले: पारखी.'

दिवसभर बाबा पेटीपाशी उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला राजाची, शिक्क्याची आणि पावडरीची गोष्ट सांगत होते. चष्मा त्यांनी एकदाही पुसला नाही.

संध्याकाळी नोट परत त्यांच्या हातात आली. घराकडे वळताना आईने पुडीतल्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"तेवढाच कळकट राहिलाय बिचारा. जरा धुऊन..."

"नको!" दोघं एकदम ओरडली.